घराचं वीजबिल वाचता येतं का? मग धंद्याचं बघू!



प्रत्येक कार्यशाळेत पहिल्या अर्ध्या तासात एक प्रश्न येतोच येतो. "मॅडम, सुरुवातीला भांडवल किती लागेल?" त्यावर मी उलटा प्रश्न विचारते. "गेल्या महिन्यात तुमच्या घरात किती युनिट वीज जळली?" मग खोलीत शांतता. बिल किती रुपयांचं आलं ते बऱ्याच जणांना आठवतं. युनिट किती, ते जवळपास कोणालाच सांगता येत नाही. पाणी किती वापरलं हे विचारलं तर लोक हसायलाच लागतात.

आता माझं मत स्पष्ट सांगते. ज्याला घरातली वीज, गॅस आणि पाणी मोजता येत नाही, त्याने घरातून धंदा सुरू करायची घाई करू नये. आधी एक महिना मोजायला शिकावं. हे कडू वाटेल. पण डबे, केक, पापड, ब्लाउज, मसाले असे घरगुती व्यवसाय अडखळतात तेव्हा कारण बऱ्याचदा एकच असतं: माल विकला जातो, गल्ल्यात पैसे येतात आणि महिनाअखेर हातात काहीच उरत नाही. नफा जातो कुठे? त्याचा एक मोठा भाग घराच्या बिलात गुपचूप मिसळून जातो. बिल तर "घराचं" असतं, म्हणून ते धंद्याच्या हिशोबात कधी धरलंच जात नाही.

वीज वाचवा, पाणी वाचवा हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत मोठे झालो. त्यामुळे हा विषय आला की लोकांना भाषण वाटतं. मी याकडे कॉस्टिंगचा पहिला धडा म्हणून बघते. फी नाही, आणि प्रयोगशाळा म्हणजे तुमचंच स्वयंपाकघर.

बिल एकदा उघडून नीट वाचा

एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण एक तास चालणं. बस्स, एवढंच सूत्र आहे: वॅट गुणिले तास, भागिले १०००. उपकरणाच्या मागे किंवा खाली वॅट छापलेले असतात. शाळेतल्या मुलालाही हा हिशोब जमतो.

आता बिलाकडे या. महावितरणच्या घरगुती बिलात युनिटच्या पायऱ्या असतात: पहिले १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढे. प्रत्येक पायरीवर दर वाढतो. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून मी इथे आकडे देत नाही, ते तुमच्या ताज्या बिलावरच बघा. शिवाय स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क अशा ओळी असतात. त्यात स्थिर आकार सोडला तर बाकीचं बरंचसं तुमच्या वापराबरोबर वाढतं.

यातून धंद्याच्या कामाची एक गोष्ट निघते आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा तुमच्या घराला महिन्याला ९० युनिट लागतात. तुम्ही ओव्हन आणि डीप फ्रीजर आणलात, वापर १५० वर गेला. वाढलेल्या ६० युनिटपैकी १० युनिटच स्वस्त पायरीत बसतात. उरलेले ५० वरच्या, महाग पायरीत जातात. म्हणजे तुमचा केक घराच्या सरासरी दराने भाजला जात नाही, तो वरच्या पायरीच्या दराने भाजला जातो. धंद्याचं युनिट हे नेहमी वरच्या पायरीवरचं युनिट असतं.

हीच गोष्ट उलटीही खरी आहे. तुम्ही घरात वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या पायरीवरूनच कमी होतं. म्हणजे बचतही सगळ्यात महाग युनिटची होते. म्हणून मी म्हणते, धंदा सुरू करण्याआधी घराचा वापर खाली आणा. तुम्ही पायरीवर जागा रिकामी करता आणि तीच जागा पुढे धंद्याला मिळते.

अजून एक मुद्दा. घराच्या एका भागातून छोटा व्यवसाय करणाऱ्यांना राज्य वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत घरगुती दर लावण्याची सोय दिलेली आहे, पण तिला मर्यादा आहे: महिन्याला ३०० युनिट आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिट. ही मर्यादा घर आणि धंदा मिळून आहे. सध्या लागू असलेल्या आदेशातली अट तुमच्या वीज कार्यालयात एकदा विचारून घ्या. घरात उधळपट्टी असेल तर ही मर्यादा धंद्याच्या आधी घरच खाऊन टाकेल.

चिल्लर मोजू नका, नोटा मोजा

वीज बचत म्हटलं की घरात पहिली ओरड कशावर होते? मोबाइलच्या चार्जरवर! जरा हिशोब करू. एक मोबाइल रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही. आता अंघोळीचं पाणी घ्या. १५ लिटर पाणी २० अंशांनी तापवायला साधारण ०.३५ युनिट लागतं. घरात चौघं असतील तर रोज १.४ युनिट, महिन्याला ४२ युनिट. म्हणजे महिनाभराचं मोबाइल चार्जिंग एकीकडे आणि गरम पाण्याच्या तीन बादल्या दुसरीकडे, तरी बादल्याच जड!

धंद्यातही हीच चूक होते. पिशवीवरच्या स्टिकरचे २५ पैसे वाचवायला आपण चार दुकानं फिरतो आणि कच्च्या मालाची नासाडी बघतच नाही. म्हणून आधी मोठा खर्च शोधा. घरात तो साधारण या ठिकाणी सापडतो:

१. गरम पाणी. गिझर लावून विसरू नका. अंघोळी एकापाठोपाठ उरका, म्हणजे टाकीत तापलेलं पाणी थंड होऊन पुन्हा तापवावं लागत नाही. थर्मोस्टॅट कमी ठेवा. खूप कडक पाणी तापवायचं आणि मग त्यात गार पाणी ओतायचं, यात काय शहाणपण? गच्ची स्वतःची असेल तर सौर बंबाचा विचार जरूर करा.

२. पंखा. साधा छताचा पंखा ७०-८० वॅट घेतो, बीएलडीसी पंखा साधारण ३० वॅट. रोज १५ तास चालणाऱ्या पंख्यावर महिन्याला सुमारे २० युनिट वाचतात. समजा तुमचं वरच्या पायरीचं युनिट सगळे आकार धरून १२ रुपयांना पडतं, तर महिन्याला २४० रुपये. पंखा ३००० रुपयांचा धरला तर वापराच्या साडेबारा महिन्यांत पैसे वसूल. यालाच परतावा काळ म्हणतात. पण हाच पंखा पाहुण्यांच्या खोलीत लावलात, तर पाच वर्षांतही वसुली नाही. आधी जास्त चालणारा पंखा बदला. उद्या तुम्ही पीठ मळण्याचं मशीन घ्यायला जाल तेव्हा हाच हिशोब करायचा आहे.

३. फ्रिज. तो २४ तास चालतो. मागे आणि बाजूला हवा खेळायला जागा ठेवा. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झालंय, बदला. बर्फाचा जाड थर साचू देऊ नका. धंद्याचं पीठ, क्रीम, भाज्या ठेवत असाल तर सामानाची जागा ठरवून घ्या. दार उघडं ठेवून "कुठं ठेवलं गं ते?" म्हणत शोधणं बंद.

४. दिवे. ब्लाउज शिवणाऱ्या ताईंसाठी खास. जुनी ट्यूब तिच्या चोकसकट ५५ वॅट धरा, एलईडी ट्यूब २० वॅट. रोज सहा तास, महिन्याचे २५ दिवस काम केलं तर सव्वापाच युनिट वाचतात आणि उजेडही चांगला मिळतो. मशीनला क्लच मोटर असेल तर ती तुम्ही शिवत नसतानाही फिरत राहते. सर्व्हो मोटर पायडल दाबलं तरच फिरते. आवाज कमी, बिल कमी.

५. एसी. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार २०२० पासून नवे एसी चालू करताना २४ अंशांवरच सुरू होतात. एक अंश वर ठेवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. २४ ते २६ वर ठेवा आणि सोबत पंखा मंद लावा.

सेट-टॉप बॉक्ससारख्या वस्तू रिमोटने बंद केल्या तरी थोडी वीज घेतच राहतात. १० वॅट धरले, तर २४ तासांप्रमाणे महिन्याला सात युनिट. भिंतीवरचं बटण बंद करायला काय लागतं?

आणि सगळ्यात स्वस्त यंत्र विसरू नका: ऊन. आपल्या आज्या चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घालायच्या. वर्षभराचं वाळवण, आणि वीज शून्य. मसाल्याच्या धंद्यात धणे, मिरच्या वाळवायला यंत्र घेण्याआधी आपल्याकडे किती महिने कडक ऊन असतं ते मोजा. फक्त वर स्वच्छ पातळ कापड किंवा जाळी हवी. धुळीचा माल ग्राहक एकदाच घेतो.

गॅस: एका सिलिंडरवर किती डबे?

डब्याचा धंदा करणाऱ्यांना मी हा प्रश्न विचारते. उत्तर येतं, "साधारण महिना जातो." महिना हे माप नाही हो! महिन्यात १५ डबे दिले की ४०, त्यावर सगळं ठरतं.

नवा सिलिंडर लावला की त्या दिवसाची तारीख वहीत लिहा आणि रोजचे डबे मांडत जा. सिलिंडर संपला की बेरीज. समजा १८०० रुपयांच्या सिलिंडरवर ६०० डबे निघाले, तर एका डब्याला गॅस ३ रुपये. हा आकडा डब्याच्या किमतीत धरलाय का? एक लक्षात ठेवा, घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी आहे. धंद्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि त्याचा दर वेगळा असतो. घरगुती सिलिंडरच्या दरावर डब्याची किंमत ठरवली असेल, तर तुमचा पायाच कच्चा आहे.

आता सवयी. डाळ, छोले, राजमा भिजवूनच शिजवा. झाकण ठेवा. उकळी आली की आच कमी करा, कारण पाणी एकदा उकळायला लागलं की मोठ्या आचेने ते आणखी गरम होत नाही, नुसतं वाफ होऊन उडून जातं. कुकरची पहिली शिट्टी झाली की तेच. कुकरमध्ये डाळ, भात आणि बटाटे वेगवेगळ्या डब्यांत एकदमच लावा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर बर्नर साफ करा. फ्रिजमधलं पीठ, भाजी, दूध थोडं आधी बाहेर काढा.

यातून ६०० च्या जागी ७०० डबे निघाले, तर डब्यामागे ४३ पैसे वाचले. महिन्याला ५२० डब्यांवर साधारण सव्वादोनशे रुपये. ही मोठी रक्कम नाही, मला मान्य आहे. त्याबद्दल पुढे बोलू.

पाणी फुकट नाही, त्याचं बिल वेगळ्या नावाने येतं

पाण्याची पट्टी बऱ्याच ठिकाणी वर्षाची ठरलेली असते, त्यामुळे पाणी फुकट वाटतं. पण गच्चीवरच्या टाकीतली प्रत्येक बादली पंपाने वर चढवलेली आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. टाकी भरून वीस मिनिटं वाहत राहिली तर पाणी गेलंच, वीजही गेली. सोसायटीत ते बिल मेंटेनन्समध्ये येतं. उन्हाळ्यात टँकर मागवला की तेच पाणी हजारांत मोजावं लागतं. पाणी तापवलं की परत वीज. आरओ मशीन लावलं की एक लिटर शुद्ध पाण्यामागे बहुतेक दोन-तीन लिटर पाणी नळीतून बाहेर जातं.

या आरओबद्दल माझं मत ठाम आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची, म्हणजे टीडीएसची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. तुमच्या नळाचा टीडीएस त्याच्या बराच खाली असेल आणि पाणी पालिकेचं शुद्ध केलेलं असेल, तर केवळ शेजाऱ्याने घेतलं म्हणून आरओ घेऊ नका. आधी पाणी तपासून घ्या. आरओ लागतंच असेल, तर बाहेर पडणारं पाणी बादलीत धरा आणि फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा.

धंद्यात सगळ्यात जास्त पाणी जातं ते भांडी घासण्यात. एक प्रयोग करा. १० लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा. दीड मिनिटात भरली, तर नळ मिनिटाला साडेसहा लिटरच्या वर देतो. नळ सोडून १५ मिनिटं भांडी विसळली की १०० लिटर गेले. तीच भांडी आधी खरकटं काढून, दोन टबांत विसळून घेतली, तर ३०-४० लिटरमध्ये काम होतं. शेवटच्या टबातलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी पुढच्या खेपेला पहिल्या विसळण्याला वापरा. तांदळाचं, डाळीचं धुवण झाडांना.

गळतीही शोधा. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला साधारण २० लिटर घालवतो. विश्वास नसेल तर रात्री खाली भांडं ठेवून मोजा. फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग किंवा हळदीचं पाणी टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरलेला दिसला, तर आतला वॉशर गेलाय. पन्नास-शंभर रुपयांचं काम असतं आणि आपण ते वर्षभर ढकलतो.

पाण्याकडे मी नुसता खर्च म्हणून बघत नाही, ती धंद्याची जोखीम आहे. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. ज्या गावात पिण्याचं पाणी रेल्वेने येतं, तिथे खानावळ, चहाची टपरी, लाँड्री, इडलीची गाडी यांचं काय होत असेल? ग्राहक आहे, माल आहे, पण पाणी नाही, म्हणजे शटर बंद. म्हणून ज्याचा धंदा ५० लिटरमध्ये चालतो, तो टंचाईत टिकतो. ज्याला २०० लिटर लागतात, तो आधी बसतो.

याची दुसरी बाजू बघायची तर हिवरे बाजारकडे बघा. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे छोटं गाव. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती आहे, पिण्याला किती लागेल, हे आधी मोजायचं आणि मग कोणती पिकं घ्यायची ते ठरवायचं. जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर आणि शेतीसाठीच्या बोअरवेलवर गावाने स्वतःच बंधन घातलं. आधी मोजणी, मग नियोजन, मग खर्च. एक अख्खं गाव हे करू शकतं, तर चार माणसांचं आपलं घर का नाही?

"मॅडम, बचत काय करायची, उत्पन्न वाढवा ना!"

हे वाक्य आजकाल प्रत्येक प्रेरणादायी व्हिडिओत असतं. "श्रीमंत लोक खर्च कमी करत नाहीत, उत्पन्न वाढवतात." ऐकायला भारी वाटतं. पण एक गणित करा.

समजा तुमचा निव्वळ नफा १५ टक्के आहे. तुम्ही सवयी बदलून महिन्याला २५ युनिट वाचवले, १२ रुपयांनी ३०० रुपये. हेच ३०० रुपये नफा म्हणून मिळवायचे तर किती विक्री करावी लागेल? ३०० भागिले ०.१५, म्हणजे २००० रुपयांची. डबा ८० रुपयांचा असेल तर २५ डबे जास्त. पंचवीस डब्यांची भाजी आणा, चिरा, पोळ्या लाटा, पोचवा, पैसे मागा. नाहीतर गिझर आणि पंख्याकडे नीट लक्ष द्या. वाचलेला रुपया पूर्ण तुमचा असतो. विकलेल्या रुपयातले १५ पैसे तुमचे.

पण त्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, ती मी नाकारत नाही. बचतीला तळ असतो. ९० युनिटचं घर ७० वर येईल, शून्यावर येणार नाही. विक्रीला मात्र तशी हद्द नाही. म्हणून आयुष्यभर दिवे विझवत बसू नका. एक महिना लावून सवयी बसवा, मोजमाप घरात रुजवा, आणि मग सगळं डोकं विक्रीला लावा. गळक्या पिंपात जास्त पाणी ओतून काय होणार? आधी भोक बुजवा, मग नळ मोठा करा.

आणि ३०० रुपयांपेक्षा मोठी कमाई वेगळीच आहे. जो माणूस रोज मीटर बघतो, त्याला धंद्यात आकड्यांची भीती वाटत नाही. बँकेत कर्जासाठी गेल्यावर साहेबांनी विचारलं, "एका डब्याला खर्च किती?" तर तो वही उघडतो. बाकीचे "अंदाजे" म्हणतात.

इथे मात्र वाचवू नका

काटकसर आणि कंजूषपणा यातली रेघ ओळखा.

- रात्री फ्रिज बंद करू नका. आतलं अन्न खराब झालं तर शंभर पट नुकसान, आणि ग्राहकाचं पोट बिघडलं तर धंदाच संपला.
- हात, भाज्या आणि भांडी धुताना पाणी कमी वाहू द्या, पण स्वच्छतेत काटछाट नको. विसळलेलं पाणी शेवटच्या धुण्याला कधीच वापरू नका.
- शिवणकामाला मंद उजेड नको. डोळे बदलून मिळत नाहीत.
- कडक उन्हाळ्यात घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आणि बाळाचा पंखा बंद करून युनिट वाचवायचे नसतात.
- वायरिंग आणि प्लगमध्ये स्वस्तात जाऊ नका. ओव्हन, गिझर आणि इस्त्री एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावणं म्हणजे आगीला बोलावणं.

सौर पॅनेलबद्दलही खूप विचारणा होते. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत घराच्या छतावरच्या पॅनेलला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. योजना चांगलीच आहे. पण क्रम पाळा. आधी वापर कमी करा, मग पॅनेल मोजून घ्या. उधळपट्टीच्या आकड्यावर पॅनेल घेतलं, तर तुम्ही उधळपट्टीसाठीच पैसे गुंतवले.

हे एकट्या बाईचं काम नाही

हा मुद्दा मला नेहमी खटकतो. घरात बचत म्हटली की ती आईने करायची, सुनेने करायची. बाकीचे पंखा चालू ठेवून बाहेर जाणार आणि बिल आलं की विचारणार, "एवढं कसं आलं?" धंदा बाईचा असेल तर आणखीच सोपं, "तुझ्या त्या ओव्हनमुळे!" वहीत आकडे असतील तर तुम्ही शांतपणे दाखवू शकता: ओव्हनचे युनिट इतके, गिझरचे तितके. हिशोब हे भांडणाचं औषध आहे.

कामं वाटून घ्या. मीटरचं वाचन मुलांकडे द्या, त्यांना ते आवडतं. पंप चालू-बंद करणं एकाच माणसाकडे. गळती दुरुस्त करून घेणं नवऱ्याकडे. आणि धंद्याने वापरलेल्या विजेचे पैसे दर महिन्याला धंद्याच्या खात्यातून घराच्या खात्यात द्या. अगदी १५० रुपये असले तरी द्या. त्या दिवशी तुमचा छंद धंदा होतो, आणि घरातही त्याला मान मिळतो.

३० दिवसांचा गृहपाठ

वही घ्या. महागडं अॅप वगैरे काही नको.

- पहिला आठवडा: रोज सकाळी ठरलेल्या वेळी वीज मीटरचा आकडा लिहा. काहीही बदलू नका, फक्त बघा. रात्री सगळी बटणं बंद करून मीटरचा दिवा लुकलुकतोय का ते बघा. लुकलुकत असेल तर काहीतरी चालू राहिलंय किंवा वायरिंगमध्ये दोष आहे.
- दुसरा आठवडा: घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट आणि रोजचे तास लिहा. सगळ्यात मोठे तीन खर्च शोधा. काम फक्त त्या तिघांवर.
- तिसरा आठवडा: पाणी. नळाचा वेग मोजा, गळती शोधा, भांडी टबात विसळायला सुरुवात करा. पंपाला गजर लावा.
- चौथा आठवडा: धंद्याचा एक दिवस निवडा. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर मीटर वाचा. त्या दिवसाचे युनिट, गॅस आणि बादल्या भागिले त्या दिवसाचा माल. निघालेला आकडा किमतीत धरलेला नसेल, तर पुढच्या महिन्यापासून धरा.

ज्यांचा धंदा अजून सुरूच झालेला नाही, त्यांनी चौथ्या आठवड्यात घरच्याच स्वयंपाकाचा हिशोब करावा. एका माणसाच्या एका जेवणाला वीज, गॅस, पाणी मिळून किती? हा आकडा ज्याला काढता आला, त्याला डब्याची किंमत ठरवायला माझी गरज उरणार नाही.

चला तर मग, वाचून झालं असेल तर उठा, मीटरपाशी जा आणि आजचा आकडा लिहून ठेवा. उद्या सकाळी त्याच वेळी दुसरा आकडा. दोन आकड्यांची वजाबाकी हा तुमच्या धंद्याचा पहिला हिशोब. पुढच्या व्हिडिओत आपण याच वहीवरून पदार्थाची विक्री किंमत कशी काढायची ते बघणार आहोत, म्हणून वही भरून ठेवा. रिकाम्या वहीवर किंमत काढता येत नाही!